भांड्यांच्या बाई

सोसायटीच्या सभेत माझ्या तळणीचा विषय निघाला आणि मला बाहेर जागा शोधणं भाग पडलं. अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. यजमानांची कंपनी बंद पडल्यावर मी घरून फराळाच्या ऑर्डरी घ्यायला लागले होते. चकल्या, शेव, उकडीचे मोदक, सणावाराला पुरणपोळ्या. घरात मोठे सिलिंडर, जिन्यात तेलाचा वास, दिवसभर बेल वाजतेय. शेजाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. शिवाय दुकानांत माल ठेवायचा तर लायसन हवं, आणि त्यासाठी वेगळं स्वयंपाकघर दाखवायला हवं.

जागा मिळाली उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात. एका सिंधी काकांचा तळमजल्यावरचा गाळा होता. तिथे पूर्वी त्यांचा पापडाचा कारखाना चालायचा. तो बंद केल्यापासून ते पहाटे तिथेच दाल-पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेल्या पुऱ्या, करत आणि सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर गाडी लावत. एकट्यासाठी जागा फार होती, म्हणून त्यांनी ती वाटून दिली. आत तीन ओटे, तीन भट्ट्या, मागच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाची मोठी मोरी. एक ओटा काकांचा. दुसरा एका बाईंनी आधीच घेतलेला. तिसरा मला मिळाला.

त्या बाई शहाड स्टेशनाबाहेर पोहे, उपमा आणि मिसळ विकायच्या. पहिल्या पाळीचे कामगार त्यांचं गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं, तेव्हा मुलगी शाळेत होती. मी गाळ्यात आले तेव्हा तीच मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. त्या पहाटे चारला येऊन रांधायच्या, सहाला रिक्षात पातेली घालून निघायच्या आणि अकराच्या सुमाराला रिकामी पातेली घेऊन परत यायच्या. मग भांडी घासणं, मटकी भिजत घालणं, दुसऱ्या दिवशीचे कांदे. मी सकाळी आठला यायचे. म्हणजे अकरा ते दोन आम्ही दोघी एकत्र असायचो.

पहिल्याच दिवशी मी त्यांचं आडनाव विचारलं. त्यांनी सांगितलं. आडनावावरून मला जे कळायचं ते कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

"आम्ही बौद्ध," त्या आपणहून म्हणाल्या आणि कांदे सोलायला लागल्या.

मला त्यात काही वाटलं नाही, असं मी संध्याकाळी यजमानांना सांगितलं. ते सांगायची गरज मला का पडली, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी पाण्याची बाटली मात्र घरून न्यायचे. गाळ्यात माठ होता, काका आणि त्या दोघंही त्यातलं पाणी प्यायचे. मी म्हणायचे, मला बाहेरचं पाणी सोसत नाही. काका एकदा हसून म्हणाले, "भाभी, बारवी डॅम का पानी इधर भी वही, उधर भी वही." मीही हसले. बाटली आणणं सोडलं नाही.

तरी आमचं जमलं. दोघी एकमेकींना ताई म्हणायचो. त्यांचं बोलणं कमी, पण नेमकं. माझा मुलगा पुण्याला, आठवड्यातून एकदा फोन, तोही घाईत. हे मी कुणाला सांगत नसे, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही करा ना फोन. वाट बघत बसायला तो काय पाहुणा आहे?" त्या दिवसापासून मीच करायला लागले आणि खरोखर बरं वाटलं.

एकदा चकल्या तळताना झारा निसटला आणि उकळतं तेल माझ्या मनगटावर उडालं. मी ओरडले. ताईंनी हातातली सुरी टाकली, माझा हात धरून नळाखाली नेला आणि चांगली दहा मिनिटं तसाच धरून ठेवला. मी सोडवून घेत होते, त्या सोडत नव्हत्या. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. आम्ही परत आलो तर माझं अर्धं पीठ तसंच पडलेलं, आणि दुकानाला माल चार वाजता द्यायचा होता. ताईंनी सोऱ्या उचलला. त्या पाडत गेल्या, काका तळत गेले, मी खुर्चीवर बसून "गॅस बारीक करा" एवढंच सांगत राहिले. माल वेळेवर गेला. तो चकलीचा डबा कुणी केला, हे मी दुकानदाराला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नव्हतं.

पुरणपोळीचं मात्र वेगळं. माझ्या पोळ्या चांगल्या व्हायच्या, पण कडा कोरड्या राहायच्या. पुरण शेवटपर्यंत पोचायचं नाही. ताईंनी एक दिवस बघितलं, बघितलं आणि विचारलं, "कणीक अशी घट्ट का ठेवता?" त्यांचं माहेर जळगावकडचं. तिकडच्या पद्धतीने त्यांनी कणीक सैल भिजवली, तिच्यावर पाणी आणि तेल घालून बराच वेळ तशीच ठेवली, मग ओट्यावर आपटून आपटून ती इतकी लवचिक केली की हातावरून ओघळायला लागली. त्यांनी लाटलेली पहिली पोळी मी उजेडाकडे धरली. आरपार पुरणाचा पिवळा रंग, काठाला पिठाची रेघही नाही.

"हे माझ्याच्याने व्हायचं नाही," मी म्हणाले.

"होईल. घाई करू नका."

पण मला घाईच असायची. म्हणून आमचं असं ठरलं की पोळ्यांची ऑर्डर असेल तेव्हा पुरण माझं, लाटणं त्यांचं. बदल्यात त्यांचे कांदे-मिरच्या मी चिरायच्या, मिसळीचं वाटण मी करून ठेवायचं. कामाला काम. त्या वर्षी माझ्या पोळ्यांचं नाव झालं. अंबरनाथला ज्या घरी एकदा गेल्या त्या घरून परत फोन यायचाच. "तुझ्या हाताला काय जादू झालीय ग," असं बायका म्हणायच्या, आणि मी म्हणायचे, "कणीक सैल भिजवायची, बस."

होळीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माझ्याकडे ऑर्डरी भरपूर होत्या. ताई अकराला आल्या, आपली पातेली मोरीत ठेवून सरळ पोळपाटाशी उभ्या राहिल्या. मी पुरणाचे गोळे करत होते आणि तव्यावर बघत होते. काका त्यांच्या ओट्यावर चण्याची डाळ निवडत होते. साडेबाराच्या सुमाराला माझा फोन वाजला. अंबरनाथच्या एक काकू होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या, आमच्या भागात सगळ्यांच्या ओळखीच्या. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच सांगण्यावरून आलेली. त्यांच्याकडे होळीला देवाला पुरणाचा नैवेद्य असतो, त्याच्या पोळ्या त्या पहिल्यांदाच बाहेरून घेत होत्या, कारण आता त्यांच्याने ओट्याशी उभं राहवत नव्हतं.

"अगं, मी सुनेबरोबर बाजारात आलेय, कापड घ्यायला. तुझा गाळा इथेच ना? बघून जाते. पोळ्याही घेऊनच जाते."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. "या ना," मी म्हणाले आणि पत्ता सांगितला. फोन ठेवला.

काकू काय म्हणतील? नैवेद्याच्या पोळ्या. कोण लाटतंय विचारतील. आडनाव विचारतील, मी विचारलं होतं तसंच. हे सगळं मी एका मिनिटात ठरवून टाकलं. काकू तोपर्यंत माझ्यापाशी असं काही, कधीही, एका शब्दाने बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"ताई," मी म्हणाले, "गिऱ्हाईक येतंय. तुम्ही जरा तिकडे मोरीकडे बसता का? तुमची भांडीही व्हायचीच आहेत ना."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. पोळी अर्धी लाटून झाली होती. ती त्यांनी पूर्ण केली, तव्यावर टाकली, हात पुसले आणि मोरीकडे गेल्या. मी त्यांच्या जागी उभी राहिले आणि लाटणं हातात घेतलं. ते अजून गरम होतं.

काकू आल्या. सगळीकडे नजर फिरवली. "स्वच्छ ठेवलंयस," म्हणाल्या. पोळीचा एक तुकडा मोडून उजेडाकडे धरला, तोंडात घातला, डोळे मिटले. "आमच्या आईच्या पोळ्या अशा असायच्या. तुझ्या हाताला गुण आहे."

"तुमचा आशीर्वाद," मी म्हणाले.

मोरीतून नळाचा आवाज येत होता. काकूंनी सहज तिकडे बघितलं. पत्र्याच्या आडोशापलीकडे ताईंची पाठ दिसत होती.

"मदतीला आहे वाटतं कुणी?"

"भांड्यांना ठेवलीय बाई," मी म्हणाले. "ओट्याला हात लावत नाही ती. पोळ्या सगळ्या माझ्याच हातच्या."

नळ बंद झाला. काकूंची सून फोनवर काहीतरी बघत होती, काकू पिशवी शोधत होत्या. त्यांच्या लेखी मी काही विशेष बोललेच नव्हते. मी पोळ्या केळीच्या पानात बांधल्या, डब्यात भरल्या, दारापर्यंत सोडायला गेले. परत आले तेव्हा काका डाळ निवडायची थांबले होते.

"दीदी बर्तनवाली कब से हो गई, भाभी?"

आवाज मोठा नव्हता. ताई मोरीतून आल्या, साबणाने हात धुतले, पदराला पुसले आणि पोळपाटाशी येऊन उभ्या राहिल्या.

"किती राहिल्यात?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यांनी त्या सगळ्या लाटल्या. एकही कडेला कोरडी राहिली नाही. तेवढा वेळ मी त्यांच्या शेजारी उभी होते, हाताच्या अंतरावर. बोलायला तास-दीड तास होता. मी तव्यावरच्या पोळीला तूप सोडत राहिले.

घरी येऊन यजमानांना सांगितलं. मला वाटत होतं ते रागावतील. ते म्हणाले, "धंद्यात असं करावं लागतं. तू काय मुद्दाम केलंस?" ते ऐकून मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून आणखीच वाईट वाटलं. मी मुद्दामच तर केलं होतं.

धुळवडीनंतर मी गाळ्यात गेले, कामाला लागले. दुपारी मोरीत माझी पातेली, झारा, चाळण असं सगळं नेहमीसारखं ठेवलं. मी आपली भांडी निघताना घासायची, त्या आपली घासायच्या, असंच चालायचं. फोन आला म्हणून बाहेर गेले आणि परत आले तर माझी सगळी भांडी घासून ओट्यावर पालथी घातलेली. ताई आपली मटकी भिजवत होत्या.

मी म्हणाले, "ताई, माझी कशाला घासलीत?"

"असू द्या."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मी भांडं वापरलं की लगेच घासायला बघायचे, पण त्या माझ्या आधी उचलायच्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्या हातातली कढई धरली. "ताई, सोडा. मला लाज वाटते."

त्यांनी कढई सोडली नाही. "तुम्हीच सांगितलंत ना त्या बाईंना, भांड्यांना ठेवलीय म्हणून. पुन्हा कुणी आलं तर तुम्ही खोट्या पडायला नको."

टोमणा मारायचा तसा आवाज नव्हता. काम सांगावं तशा बोलल्या. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. "मी चुकले" एवढे दोन शब्द. माझ्या तोंडून निघालं ते असं, "अहो, तुम्ही मनाला लावून घेतलंत. गिऱ्हाईक जुनं आहे, बुजुर्ग बाई, त्यांच्यासाठी बोलले."

ताईंनी मान हलवली आणि कढई घासून दिली.

महिनाभराने त्या गाळा सोडून गेल्या. मुलीला बदलापूरला दवाखान्यात नोकरी लागली होती, दोघी तिकडेच राहायला जाणार होत्या. हे कारण खरंच होतं. पण काकांना त्यांनी आधी पंधरा दिवस सांगितलं आणि मला शेवटच्या दिवशी. त्यांनी आपली पातेली पोत्यात बांधली. रिक्षात बसण्याआधी माझ्या ओट्यापाशी आल्या.

"कणीक निदान दोन तास पाण्यात राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही अर्ध्या तासात काढता. तिथेच बिघडतं."

काकांनी त्यांना पकवानांची पुडी दिली, रिक्षा वळेपर्यंत दारात उभे राहिले. मग आत आले आणि माझ्याशी फक्त भाड्यापुरतं बोलायला लागले. आधी ते रोज एक पकवान माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायचे. ते बंद झालं नाही. ठेवायचे, पण हाक मारायचे नाहीत.

पुढची होळी आली. मी दोन तास कणीक ठेवली, तीन तास ठेवली. पोळ्या वाईट नव्हत्या, पण पुन्हा माझ्या मूळच्या पोळ्यांसारख्या, कडेला कोरड्या झाल्या होत्या. होळीच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"रागावू नकोस, पण यंदा ती गोष्ट नव्हती हं. तब्येत बरी आहे ना तुझी?"

मी म्हणू शकले असते की हात दुखत होता. म्हणायचं मनात आलंही. पण ते पूर्ण वर्ष माझ्या डोळ्यांसमोर मोरीतली ती पाठ होती. मी म्हणाले, "काकू, गेल्या वर्षीच्या पोळ्या माझ्या नव्हत्या. त्या मोरीत ज्या बसल्या होत्या ना, त्यांनी लाटल्या होत्या. त्या भांड्यांच्या बाई नव्हत्या. शेजारच्या ओट्यावर त्यांचा स्वतःचा धंदा होता. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मी त्यांना आडनावही सांगून टाकलं, कुणी विचारलेलं नसताना.

"मग?" काकू म्हणाल्या.

"म्हटलं, नैवेद्याच्या पोळ्या, तुम्हाला चालेल की नाही..."

"मला विचारलं होतंस?" त्यांचा आवाज आता शाळेतल्या बाईंचा झाला. "माझ्या नावावर तू एवढं सगळं ठरवलंस? त्या बाईंसमोर?" मग जरा थांबून, "नंबर आहे का त्यांचा तुझ्याकडे?"

नंबर होता. वर्षभरात मी तो कितीदा काढून बघितला होता. काकूंना खरंच चालणार होतं की माझ्या कबुलीनंतर त्यांना तसं म्हणावंसं वाटलं, मला माहीत नाही. मला एवढं कळलं की मी ज्या भीतीमागे लपले होते ती त्यांच्या घरातली नव्हती. ती माझ्या बाटलीबरोबर रोज माझ्याच घरून येत होती.

मी नंबर दिला नाही. म्हणाले, आधी मला जाऊन येऊ दे.

काकांकडून पत्ता घेतला. बदलापूरला पश्चिमेला त्यांनी छोटं दुकान घेतलं होतं. सकाळी नाश्ता, दुपारनंतर पोळी-भाजी. वर त्यांच्या स्वतःच्या नावाची पाटी. मी पोचले तेव्हा चार-पाच माणसं उभी होती. मी मागे थांबले. त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आधीच्यांचं देऊन होईपर्यंत थांबवलं. मग म्हणाल्या, "बसा." स्टीलच्या पेल्यात पाणी पुढे ठेवलं. मी ते सगळं प्यायले, आणि पिताना त्या माझ्याकडे बघतायत का, हेही मी बघितलं. त्या बघत नव्हत्या.

"ताई, मी त्या दिवशी चुकले," मी म्हणाले. "आणि नंतरही."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलात."

गाडी आली असावी. स्टेशनाकडून माणसांचा एक लोंढा दुकानावरून गेला. तो पांगेपर्यंत त्या कापडाने ओटा पुसत राहिल्या.

"मला असं बोलणारे खूप भेटलेत. त्यांचं मी मनावर घेत नाही. पण मुलीला मी सांगितलं होतं की गाळ्यात मला एक मैत्रीण मिळालीय. रोज रात्री जेवताना ती विचारायची, आज मैत्रीण काय म्हणाली? त्या दिवशीपण विचारलं." त्यांनी कापड पिळलं. "काय सांगणार होते मी तिला?"

काकूंचा फोन आणि त्यांनी नंबर मागितल्याचं मी सांगितलं.

"सणाला आठ दिवस आधी सांगायला सांगा," त्या म्हणाल्या. "पुरण माझंच असेल. आणि त्यांनी मला फोन करायचा, तुमच्यामार्फत नको, मॅडम."

वर्षभरापूर्वीपर्यंत त्या मला ताई म्हणायच्या.

काकूंच्या पोळ्या आता बदलापूरहून येतात. मी गाळ्यातच आहे. माठातलं पाणी पिते. त्याचं कुणाला कौतुक असायचं कारण नाही. दुसऱ्या ओट्यावर आता एक इडलीवालं जोडपं आहे, चांगली माणसं आहेत. मी पुरणपोळ्या बंद केल्यात. कुणी विचारलं तर ताईंच्या दुकानाचं नाव सांगते. बायका विचारतात, "का हो, तुमच्या तर इतक्या छान व्हायच्या?" मी म्हणते, त्या त्यांच्याच होत्या. पुढचं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर सगळं सांगायला माझी जीभ वळली असती की नाही, हे मला अजून खात्रीने सांगता येत नाही.